वाळवंटातली 120 किलोमीटरची घोड्यांची रेस: एन्ट्री फुकट, पण जावं का?

आधी मार्क देऊन टाकतो म्हणजे ज्यांना लांबलचक वाचायचा कंटाळा आहे ते इथूनच सुटतील. जागा, पार्किंग, बसायची सोय, चहापाणी सगळं मिळून पाचपैकी साडेचार. रेस म्हणून बघायला दोन. व्हेट गेट, म्हणजे घोड्यांची तपासणी होते तो भाग, पाचपैकी पाच, त्यासाठी एकदा तरी जाच. आणि घोड्यांना कसं वागवतात याला दोन, ते पण तिथल्या डॉक्टर मंडळींमुळे, नाहीतर एकावरच भागवलं असतं.

लिहायचं कारण म्हणजे हिवाळा सुरू झाला की इथं आखातात आमच्या मराठी ग्रुपवर कोणी ना कोणी विचारतंच, ती घोड्यांची लांब पल्ल्याची रेस असते ना, फुकट असते म्हणे, पोरांना घेऊन जाऊ का? आणि उत्तरं येतात ती सगळी फोटोवाली. सूर्योदय, पांढरे अरबी घोडे, उडणारी वाळू आणि खाली बदामांची रांग. तिथं दिवसभर करायचं काय आणि बघायचं काय हे कोणी सांगत नाही. जागेचं नाव मी लिहीत नाहीये. अशी एन्ड्युरन्स व्हिलेजं, म्हणजे लांब पल्ल्याच्या रेसची केंद्रं, अमिराती, बहारीन, कतार, सौदी सगळीकडे आहेत, त्यातलंच एक समजा, मला इथंच नोकरी करायचीय.

सोयींचं पटकन उरकतो. सीझन साधारण नोव्हेंबर ते मार्च. रेस उजाडता उजाडता सुटते त्यामुळे घरातून साडेचारला निघावं लागतं, शेवटचा पट्टा अंधारात वाळवंटातून जातो पण रस्ता एकदम गुळगुळीत. पार्किंग ढीगभर. बसायला मजलिसचा, म्हणजे अरबी बैठकीचा, मोठा तंबू, गालिचे, खजूर आणि गहवा, म्हणजे अरबी कॉफी, फुकट, कोणी कार्ड विचारत नाही की तुम्ही कोण म्हणून बघत नाही, बायकापोरांना काही त्रास नाही, टॉयलेट स्वच्छ. करक चहाची गाडी होती, चहा झकास, पण खायला चिप्स आणि गार झालेले सामोसे, त्यामुळे डबा घरूनच न्या. मोठी स्क्रीन लावलेली असते आणि तुम्ही जी रेस बघता ती मुख्यतः त्या स्क्रीनवरच, कारण घोडे एकदा सुटले की दोन-दोन तास क्षितिजापलीकडे. स्टँडमधून सुरुवात दिसते आणि शेवट दिसतो, मधलं सगळं वाळवंट.

आता हा प्रकार नक्की काय ते सांगतो, कारण महालक्ष्मीची डर्बी डोक्यात ठेवून गेलात तर घोर निराशा होईल. डर्बी अडीच मिनिटांत संपते. ही 80, 100, 120 आणि मोठी असेल तर 160 किलोमीटरची. अंतराचे तुकडे पाडतात, त्याला लूप म्हणतात, एक लूप जास्तीत जास्त 40 किलोमीटरचा. प्रत्येक लूप संपला की घोडा व्हेट गेटवर आणायचा, डॉक्टर पास करतील तर सक्तीची विश्रांती, साधारण पाऊण तास, आणि मग पुढचा लूप. फिनिश लाइन ओलांडल्यावरही तपासणी असतेच, त्यात नापास झाला तर पहिला आलेला घोडा पण बाद. कागदावर नियम खरंच छान आहेत. हा खेळ आजच्या रूपात आला अमेरिकेतून, 1955 साली कॅलिफोर्नियात टेव्हिस कप सुरू झाला, डोंगरातून 100 मैल, 24 तासांच्या आत. तिथल्या एन्ड्युरन्सवाल्यांचं ब्रीदच आहे की पूर्ण करणं म्हणजेच जिंकणं. पुढं एफईआय, म्हणजे घोडेस्वारीची जागतिक संघटना, तिनं 1978 ला हा खेळ आपल्यात घेतला. आणि मग आखातात आला, इथली जमीन सपाट, ट्रॅक तासून ठेवलेला, बक्षिसात गाड्या आणि रोख रक्कम, मग काय, पूर्ण करण्यात कोणाला रस उरलाय. टेव्हिसचा विजेता 160 किलोमीटरला साधारण 14-15 तास घेतो, इथं वाळवंटात जिंकणारे ताशी 25 च्या वर सरासरी ठेवून तेच अंतर, मधली विश्रांती सोडून, साडेसहा तासांच्या आत संपवतात. जातिवंत अरबी घोडा दोन्हीकडे तोच. फरक वेगाचा आणि माझी सगळी तक्रार पण वेगाचीच आहे, ती पुढं येतेच.

रेस सुटते तेव्हाचा सीन फोटोत येतो तो. फोटोत जे येत नाही ते म्हणजे गाड्या. ट्रॅकच्या कडेकडेनं फोर बाय फोरची रांगच्या रांग घोड्यांबरोबर धावते, एकेका तबेल्याच्या तीन-तीन चार-चार, खिडकीतून माणसं अर्धी बाहेर, हॉर्न, ओरडणं, कोण कुठल्या नंबरला आहे ते सांगणं, अजून दामट म्हणून हातवारे. मध्येच गाडी पुढं जाऊन थांबते, दोन पोरं पाण्याच्या बाटल्या घेऊन ट्रॅकच्या कडेला उभी राहतात, स्वार धावत्या घोड्यावरून बाटली हिसकावतो, घोड्याच्या मानेवर ओततो, रिकामी बाटली फेकतो, दहा पावलांवर दुसरी. घोडा मात्र प्यायला थांबलाय असं मी सुरुवातीच्या त्या पट्ट्यात एकदाही बघितलं नाही. धूळ इतकी की मला गाडीच्या काचेआड खोकला येत होता, तो घोडा नाक फाकवून तीच ओढत होता. आणि स्वार म्हणजे बऱ्याचदा पगारी पोरगा, हलक्या अंगाचा, घोडा त्याचा नसतो, किती पळवायचं ते गाडीतला ट्रेनर ठरवतो. ज्याच्या मांडीखाली घोडा आहे, ज्याला कळतंय की आता याची चाल जड झाली, त्याला ब्रेक मारायचा अधिकारच नाही. माझ्या मते सगळ्या भानगडीचं मूळ हे आहे.

मी गावाकडं बैलगाड्याच्या घाटावर वाढलेला माणूस, खेड-जुन्नर पट्ट्यातला, त्यामुळे जनावर पळतंय म्हणून लगेच डोळे पुसणाऱ्यातला मी नाही. शर्यतबंदीची ती सगळी वर्षं, कोर्टाच्या तारखा, मग 2021 च्या डिसेंबरात मिळालेली परवानगी, हे सगळं आमच्या घरात जेवताना चाललेलं. पण घाटातली बारी दहा-पंधरा सेकंदांत आटपते आणि बैल आपल्याच दावणीचा, संध्याकाळी मालकच त्याला पाणी दाखवतो. तरी तिथं देशाच्या सर्वोच्च कोर्टानं काठी नको, शॉक नको म्हणून बजावलं. इथं पाच-सहा तास जनावर दामटतात आणि वर्तमानपत्रात दुसऱ्या दिवशी फक्त कोण जिंकलं आणि वेळ किती लागला.

असो. व्हेट गेटकडं चला, खरा पैसा वसूल तिथं, म्हणजे फुकट असलं तरी.

पहिला लूप संपवून घोडे येऊ लागले की तिथं जी धावपळ उडते ती बघण्यासारखी असते. घोडा थांबायच्या आत खोगीर उतरलेलं असतं. आठ-दहा माणसं बर्फाच्या पाण्याचे कॅन घेऊन तुटून पडतात, मान, छाती, पोटाखाली, मांड्यांच्या आत जिथं शिरा वर असतात तिथं धो धो पाणी, एकजण हातातल्या पट्टीनं लगेच पाणी निथळवतो, लगेच परत पाणी. एक मोतद्दार, म्हणजे घोडा सांभाळणारा माणूस, घोड्याच्या डाव्या कोपराच्या मागं स्टेथोस्कोप लावून ठोके मोजत चालत्या घोड्याबरोबर तिरका तिरका पळतो. हे मोतद्दार बरेचसे आपलेच, राजस्थानचे, बिहारचे, बाकी पाकिस्तानचे, सुदानचे. जयपूरकडच्या एकाशी नंतर हिंदीत बोललो, पहाटे दोनला उठून घोड्याचे पाय बर्फात धरून बसतात, रात्री तिथंच पागेत झोपतात, आणि घोडा जिंकला तर फोटोत मालक. त्या माणसाला त्या जनावराची नस न नस माहीत होती, कुठल्या पायाला लवकर गरम लागतं, घाबरलं की कान कसे करतं, सगळं. पण त्याला विचारतो कोण!

तर नियम असा की आत आल्यापासून 15 मिनिटांत घोड्याचे ठोके मिनिटाला 64 वर किंवा खाली यायला हवेत. पूर्वी 20 मिनिटं मिळायची, 2020 पासून 15 केली, शेवटच्या लूपनंतर मात्र 20. निवांत उभ्या घोड्याचे ठोके तीस-चाळीस असतात, धावताना दीडशेच्या पुढं सहज. आणि गंमत अशी की तुमचं घड्याळ तुम्ही घोडा तपासणीला उभा करेपर्यंत चालूच असतं. म्हणजे ठोके जितक्या लवकर उतरले तितका तुमचा वेळ वाचला. ही कल्पना मुळात फार हुशार आहे, कारण ज्यानं शेवटचे दोन-तीन किलोमीटर हळू आणलं, त्याचा घोडा लगेच शांत होतो आणि तो पुढं निघतो. पण पाणी, बर्फ आणि माणसं भरपूर असली की तेच काम न थांबता दामटून पण होतं, आणि मग हुशार नियमाचं रूपांतर बर्फ कोणाकडं जास्त याच्या स्पर्धेत होतं.

ठोके पास झाले की डॉक्टर. ओठ वर करून हिरडी बघतात, अंगठ्यानं दाबतात, पांढरी पडलेली जागा परत गुलाबी व्हायला किती वेळ लागतो ते मोजतात. खांद्यावरची कातडी चिमटीत धरून सोडतात, ती लगेच सपाट झाली तर ठीक, तंबूसारखी उभी राहिली तर अंगातलं पाणी संपलंय. पोटाला चारी बाजूंनी स्टेथोस्कोप लावून आतडी गुडगुडतात का ऐकतात, कारण फार ताणलेल्या घोड्याचं पोट एकदम गप्प होतं. मग तंगाखाली, म्हणजे खोगिराच्या पट्ट्याखाली, खरचटलंय का, तोंडाच्या कोपऱ्याला लगामानं जखम आहे का, पाठ दुखते का. आणि शेवटी दुडक्या चालीनं पळवून आणायचं, सरळ पट्ट्यावर 40 मीटर तिकडं, 40 मीटर इकडं, लगाम सैल सोडून.

हे पळवणं मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडलं कारण थोड्या वेळानं आपल्याला पण दिसायला लागतं. पुढचा पाय दुखत असेल तर तो पाय टेकला की घोडा डोकं वर झटकतो. मागचा दुखत असेल तर पुठ्ठ्यांकडं बघायचं, एक बाजू जास्त वर-खाली होते. शेजारी उभ्या एका म्हाताऱ्या सुदानी काकांनी मला हे हातवाऱ्यांवर शिकवलं, त्यांना इंग्रजी येईना मला अरबी, पण लंगडणं दाखवायला भाषा लागत नाही, काका स्वतःच लंगडून दाखवत होते.

दुसऱ्या लूपनंतर एक करडी घोडी आली. ठोके बोर्डावर 58, अगदी झ्याक, तिच्या माणसांनी टाळ्याच वाजवल्या. अंग धुतलेलं, डोळा तरतरीत, आयाळ नीट विंचरलेली. पळवली तर जाताना ठीक आणि येताना उजवा पुढचा पाय टेकला की डोकं किंचित वर, अगदी किंचित, मी सुदानी काकांकडं बघितलं, त्यांनी मान हलवली. डॉक्टरीणबाईंनी परत पळवायला सांगितलं. परत तेच. मग तिघा डॉक्टरांनी एकत्र बघितलं, शंका असली की तिघं मिळून बघतात आणि एकमेकांशी न बोलता आपापलं मत देतात, बहुमतानं निकाल. बाद. तबेल्याचा माणूस पाच मिनिटं हुज्जत घालत होता, बोर्डाकडं बोट दाखवून, 58 आहेत ना ठोके, अजून काय पाहिजे? बाईंचा आवाज एकदाही चढला नाही आणि त्यांनी घोडीचं तपासणीचं कार्ड परत पण दिलं नाही. पाचपैकी पाच मार्क मी दिले ते या पाच मिनिटांना.

आणि हा जो प्रश्न त्या माणसानं विचारला ना, ठोके 58 आहेत मग अजून काय पाहिजे, तिथंच या खेळाची गोम आहे. ठोके म्हणजे एक आकडा आणि आकड्याला उत्तर शोधता येतं. हाडातली बारीक चीर ठोक्यात दिसत नाही. पाणी कमी पडल्याचं पण सुरुवातीला दिसत नाही. घोड्याचं शरीर या बाबतीत दगा देणारं आहे, उन्हात पळताना तासाला 10 ते 15 लिटर घाम जातो. आपला घाम रक्तापेक्षा पातळ असतो, पाणी जास्त जातं आणि मीठ कमी, त्यामुळे रक्त खारट होतं आणि घसा कोरडा पडून आपण पाणी मागतो. घोड्याच्या घामात मीठच इतकं असतं की पाणी आणि मीठ बरोबरच निघून जातं, रक्त खारट होतच नाही, मग मेंदूला तहानेचा निरोप पण जात नाही. म्हणजे बादली समोर ठेवली आणि तो प्यायला नाही याचा अर्थ त्याला पाणी नकोय असा नसतो. त्यासाठी तोंडात मिठाची पेस्ट देतात, पण ती देऊन वर पाणी प्यायला वेळच दिला नाही तर आणखी वाट लागते. मग पुढचे प्रकार, क्षार बिघडले की ठोक्याबरोबर कूस उडायला लागते, उचकी लागल्यासारखी, बाहेरून उभ्या माणसाला पण दिसते. स्नायू लाकडासारखे कडक होतात, लघवी कॉफीच्या रंगाची होते, तिथून गोष्ट मूत्रपिंडावर जाते.

आणि हे झालं नकळत होणारं. मुद्दाम करणारे वेगळेच. दुखरा पाय इंजेक्शन देऊन बधिर केला की घोडा पळवून दाखवताना सरळ पळतो, डॉक्टरच्या डोळ्याला काही दिसत नाही, आणि त्याला स्वतःला कळत नाही की आपण मोडत आलेल्या हाडावर पळतोय. ऐकीव गप्पा नाहीत या. 2016 च्या ऑक्टोबरात फ्रान्समधे फाँतेनब्लोला 120 किलोमीटरच्या रेसमधे कॅसलबार काँट्राबँड नावाच्या घोड्याचा पुढचा पाय मोडला, त्याला मारावं लागलं, रक्तात झायलझिन हे गुंगीचं औषध सापडलं आणि शवविच्छेदनात पाय बधिर केल्याच्या खुणा. प्रकरण चालत चालत 2020 ला निकाल आला, स्वाराला 20 वर्षं बंदी. वीस. त्यानंतर एफईआयनं पाय बधिर आहेत का ते तपासायचं तंत्र पण आणलं. चांगलंच आहे, पण असं तंत्र शोधावं लागतंय यातच काय ते आलं.

त्याच्या आधीचं 2015 चं प्रकरण तर फोटोमुळं जगभर गेलं. जानेवारीत अबू धाबीजवळ अल वथबाला 120 किलोमीटरची रेस, स्प्लिटर्स क्रीक बंडी नावाचा ऑस्ट्रेलियात वाढलेला घोडा, पुढचे दोन्ही पाय मोडले. दोन्ही. तो फोटो मी इथं लावणार नाही आणि तुम्ही पण शोधू नका, रात्री झोप लागणार नाही. मार्चमधे एफईआयनं अमिरातीच्या संघटनेलाच निलंबित केलं, जुलैत करार करून परत घेतलं. पुढच्या वर्षी 2016 ची वर्ल्ड चॅम्पियनशिप दुबईला व्हायची होती ती काढून स्लोव्हाकियात शामोरिनला नेली. आणि हे फक्त अरबांचं म्हणून नाक मुरडणाऱ्यांसाठी 2018 चं अमेरिकेतलं ट्रायॉन आहे. वर्ल्ड इक्वेस्ट्रियन गेम्स, म्हणजे या खेळाचं तेव्हाचं सगळ्यात मोठं व्यासपीठ. सकाळी काही स्वारांना चुकीच्या बाजूला पाठवलं म्हणून रेस थांबवून परत सुटली, दुपारी ऊन आणि दमट हवा इतकी झाली की मध्येच रद्दच केली, पन्नासच्या वर घोड्यांवर उपचार करावे लागले आणि न्यूझीलंडचा एक घोडा मूत्रपिंडं गेल्यामुळे मारावा लागला. त्या घोड्याचं नाव होतं बराक ओबामा, खोटं नाही सांगत.

वेगाचं म्हणत होतो ते हे. ग्लासगो विद्यापीठाच्या लोकांनी एफईआयच्याच रेसच्या नोंदी घेऊन अभ्यास केला, निष्कर्ष आपल्या आजोबांनी पण सांगितला असता असा. सुरुवातीचे लूप जोरात मारले आणि दोन रेसमधली विश्रांती कमी असली की घोडा बाद व्हायची शक्यता वाढते. साधारण निम्मे घोडे रेस पूर्णच करत नाहीत आणि बाद होणाऱ्यांत लंगडणारे सगळ्यात जास्त. म्हणून आता अंतर जितकं जास्त तितकी सक्तीची सुट्टी वाढवलीय, फार वेगात पळवला तर आणखी दिवस. मी गेलो त्या दिवशी पण बोर्डावर बाद झालेल्यांची यादी पूर्ण करणाऱ्यांपेक्षा लांब होती, लोक म्हणतात बघा डॉक्टर किती कडक आहेत. खरंय, कडक आहेत. पण कुठल्याही शाळेत दरवर्षी निम्मी पोरं नापास होत असतील तर आपण पेपर तपासणाऱ्याचं कौतुक करून घरी जातो का?

बरं, दुसऱ्या पद्धतीनं होत नाही असं पण नाही, आणि त्यासाठी कॅलिफोर्नियाला जायची गरज नाही. अबू धाबीतच अल खतिमला बुथीब म्हणून एन्ड्युरन्स व्हिलेज आहे, तिथं राजघराण्यातल्या शेख सुलतान बिन झायद यांनी, जे 2019 ला गेले, 2015 पासून स्वतःचे वेगळे नियम लावले. ठोके 64 च्या जागी 56, वेग ताशी 20 च्या वर नाही, गाड्यांची ती वरात ट्रॅकवर नाही. आणि बक्षीस घोडा कसा टिकला त्यावर. तेच वाळवंट, तीच जात, तेच मोतद्दार, तीच सकाळ. एका माणसानं ठरवलं आणि झालं. म्हणजे गरमी आहे, वाळू आहे, परंपरा आहे ही सगळी कारणं बाद. टेव्हिसमधे पण पहिल्या दहात येणाऱ्यांपैकी ज्याचा घोडा सगळ्यात तंदुरुस्त त्याला वेगळा हॅगिन कप देतात आणि तिथं त्याची किंमत पहिल्या नंबरापेक्षा कमी समजत नाहीत. डोळ्यापुढं हे ठेवून आमच्या इथल्या बक्षीस समारंभाकडं बघितलं तर हसूच येतं, विजेत्याला गाडीची चावी आणि बेस्ट कंडिशनचं, म्हणजे सगळ्यात तंदुरुस्त घोड्याचं, बक्षीस जाहीर होईपर्यंत निम्मा तंबू रिकामा.

फिनिशचं सांगायचं राहिलं, पण सांगण्यासारखं फार नाही. दोन घोडे आले, चौखूर, पाठोपाठ गाड्या आणि हॉर्न, एक मान पुढं, जल्लोष. मग सगळे वीस मिनिटं बोर्डाकडं बघत उभे कारण तपासणी व्हायचीय. पहिला आलेला पास झाला, दुसरा झाला नाही. त्यानंतरचा घोडा पावणेदोन तासांनी आला, त्याच्या स्वारानं शेवटचा अर्धा किलोमीटर खाली उतरून चालत आणला होता, आणि तोपर्यंत टाळ्या वाजवायला आम्ही आठ-दहा जण उरलेलो. माझ्या दृष्टीनं दिवसातला सगळ्यात नीट पळवलेला घोडा तोच. त्यानं जाता जाता बादलीभर पाणी प्यायलं, सगळ्यांदेखत, घुटुक घुटुक.

मालक मंडळींना राग येईल पण लिहितोच, घोड्यावर पैसा कमी पडतो असं कुठंही वाटत नाही. पागेला एसी, पोहायचा टँक, ट्रेडमिल, फ्रान्स, उरुग्वे, अर्जेंटिना, ऑस्ट्रेलियातून निवडून आणलेली जनावरं, त्यांचे डॉक्टर आपल्या फॅमिली डॉक्टरपेक्षा भारी. कमी पडतो तो वेळ. घोड्याचं हाड आणि स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या तयार व्हायला वर्षं लागतात, आणि सीझन दरवर्षी नोव्हेंबरात येतो.

आता पोरांना न्यावं का. पाच-सहा वर्षांच्या आतलं पोर असेल तर नका नेऊ, कंटाळेल, धूळ खाईल आणि एखादा घोडा पडलेला दिसला तर तुमची उत्तरं देता देता पंचाईत होईल, घोड्यांची ॲम्ब्युलन्स तिथं शोभेला उभी नसते. दहाच्या पुढचं असेल तर जरूर न्या, आणि स्टँडमधे न बसता थेट व्हेट गेटच्या कठड्याला उभं करा. माझ्या पोरीनं घरी येऊन आमच्या सोसायटीतल्या मांजराचे ठोके मोजायचा प्रयत्न केला, ओरबाडून घेतलं, पण विचारत होती अजून दोन दिवस की त्या करड्या घोडीचं काय झालं.

जायचंच असेल तर आधी त्यांच्या पेजवर नियम बघा, ठोके 56 आणि वेगाला मर्यादा असं लिहिलेलं दिसलं तर ती रेस निवडा, नाहीतर निदान 80 किलोमीटरवाली, नवशिक्या घोड्यांची, तिथं घाई कमी असते. पहाटे सुटताना बघायच्या नादात झोपमोड करू नका, आठ-साडेआठला पोचा, पहिला लूप संपून येणारे घोडे मिळतात आणि पार्किंग तेव्हाही असतंच. टोपी, गॉगल, तोंडाला रुमाल, पायात बूट, चप्पल नको, कठड्यापाशी सगळा चिखल असतो बर्फाच्या पाण्याचा. दुर्बीण असेल तर न्या. फ्लॅश मारून फोटो काढू नका, घोडे बिचकतात आणि तो जयपूरवाला ओरडतो, बरोबरच ओरडतो.